हक्क कोठून येतात?



माणसाला हक्क कोणी दिले, हा तत्त्वज्ञांतील जुना वाद आहे. जॉन लॉक म्हणे, हक्क निसर्गतःच जन्माबरोबर येतात. पुढे बेंथमने ते खोडून काढले. त्याचे म्हणणे, कायदा नाही तेथे हक्क नाही; बाकी सारी पोकळ बडबड.

दोघांचेही म्हणणे महाडच्या चवदार तळ्यावर ताडून पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. म्हणजे माणसाचा जन्म होता, कागदावर ठरावही होता. पण ओंजळभर पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे सहकारी पाणी प्याले, तर आपल्या माणसांना मारहाण झाली. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला.

यातले मर्म बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्याच्या भाषणात सांगितले: हक्कांचे खरे रक्षण कायद्याने नव्हे, तर समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीने होते.

मग हक्कांना मर्यादा आहे काय? आहे. संविधानाचे २५ वे कलम धर्मस्वातंत्र्य देते, पण ते इतर मूलभूत हक्कांच्या अधीन ठेवते. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. म्हणून ‘आमची रूढी’ असे सांगून कोणालाही दुसऱ्याचे पाणी अडविता येत नाही.

हीच कसोटी आपल्या घरालाही लावा. मुलाला शाळा आणि मुलीला चूल असेल, तर तेथे हक्क अजून कागदावरच आहे.