शीळ कोणी वाजवली ते शोधू नकोस

नारायणगाव,
रविवार

चि. भाचीबाईस,


परवा रात्री तू फोनवर रडलीस आणि मी ‘होतं गं असं, होईल सवय’ म्हणून फोन ठेवून दिला. मामी ऐकत होती. म्हणाली, “एकतीस वर्षं मास्तरकी केलीत, आणि पोरीला एवढंच सांगता आलं?” म्हणून हे पत्र. फोनवर मला नीट सांगता येत नाही. समोरून ‘हं, हं’ ऐकू यायला लागलं की मी भरकटतो.

तू सांगितलंस ते असं. नववी ब, मधल्या सुट्टीनंतरचा तास. तू फळ्यावर गतीच्या नियमांची आकृती काढत होतीस, मागून शीळ वाजली. ‘कोण आहे?’ विचारलंस, कोणी बोलेना. तू सगळ्या वर्गाला तासभर उभं केलंस. दुसऱ्या दिवशी एकाच्या जागी तीन शिळा. बरोबर?

आधी नववी हा काय प्रकार आहे तो समजून घे. शाळेतली पोषण आहाराची खिचडी आठवीपर्यंत. फुकट पुस्तकंही आठवीपर्यंतच. एप्रिलपर्यंत ताटली घेऊन ओळीत बसणारं पोर जूनमध्ये एकदम ओळीबाहेर. व्हरांड्यात आठवीच्या ताटल्या वाजतात, खिचडीचा वास वर्गात येतो, आणि वरच्या वाडीतून सकाळच्या एसटीनं आलेलं, डबा न आणलेलं पोर नळावर पाणी पिऊन बाकावर येऊन बसतं. त्यानंतरचा तास तुझा. मी टेबलाच्या खणात पार्ले-जीचे पुडे ठेवायचो. ज्याला द्यायचा त्याला कारण न सांगता द्यायचा, ‘हे स्टाफरूममध्ये नेऊन ठेव रे’ म्हणून, आणि तो तिथं कधी पोचला का हे विचारायचं नाही. यात दयाबिया काही नाही. उपाशी पोराला नियम ऐकू येत नाही, एवढाच हिशेब.

आता नियमांकडे येतो. पहिल्याच दिवशी तू चार्टपेपरवर रंगीत स्केचपेननं तेरा नियम लिहून भिंतीला लावलेस म्हणालीस. उद्या तो कागद उतरव. तेरातले दहा तुझ्याच्यानं पाळून घेतले जाणार नाहीत, आणि हे पोरांना तुझ्या आधी कळलेलं असतं. शुक्रवारी शेवटच्या तासाला, तू दमलेली असताना, बाहेर पाऊस असताना जो नियम पाळून घेता येणार नाही, तो सोमवारी पहिल्या तासाला सांगायचाच नाही. मी शेवटी शेवटी तिनावर आलो होतो. एक बोलत असताना दुसऱ्यानं बोलायचं नाही, आणि यात मीही आलो. तास सुरू झाला की वही उघडी. आणि कोणाला जातीवरून, गावावरून, बोलीवरून किंवा अंगलटीवरून हाक मारायची नाही.

हा तिसरा तुझ्या शाळेत सगळ्यात महत्त्वाचा. तुझ्या वर्गात एकीकडे घोडनदीच्या खालच्या अंगाची बागायतदारांची पोरं, दुसरीकडे डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांतली महादेव कोळी, ठाकर मुलं. वरच्या मुलाच्या तोंडून एखादा शब्द वेगळा आला की खालची फिदीफिदी हसतात. पहिल्यांदा हसतील त्याच क्षणी तास थांबव, न्यूटन गेला तरी चालेल. तिथं तू एकदा ऐकलं न ऐकलंसं केलंस की वर्षभर ते पोर तोंड उघडणार नाही. आणि एक सांगतो, रागावू नकोस: ही नक्कल पुष्कळदा स्टाफरूममध्येच सुरू होते. चहा पिताना हसू नकोस.

माझा शहाणपणा फुकट आलेला नाही. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी नियम केला होता, उशिरा येणाऱ्यानं पहिला तास व्हरांड्यात उभं राहायचं. पहिला तास माझाच, बीजगणित. महिनाभरात उशिरा येणाऱ्यांची संख्या चारावरून चौदावर गेली. मी एसटीला शिव्या घातल्या, पावसाला घातल्या. मग एकदा शिपाईमामा म्हणाले, “सर, गाडी कधीच आली. तुमची मंडळी फाटकाबाहेर चिंचेखाली बसलीत, बेल व्हायची वाट बघत.” व्हरांड्यातून मैदान दिसायचं, तिथं आठवीचा पी.टी.चा तास, कबड्डी रंगलेली. मी शिक्षा देतच नव्हतो, पास वाटत होतो.

दुसरी गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगतो. एका मुलाला मी वर्गात थोबाडीत मारली होती. कशावरून ते आज आठवतही नाही, यावरूनच काय ते समज. तो मुलगा पुढं मला बाजारात भेटायचा, पाया पडायचा, टोमॅटोचं क्रेट घरी पोचवायचा. त्याच्या मनात काही नव्हतं. खूप वर्षांनी मंचरच्या एसटी स्टँडवर एक बाई भेटल्या, कडेवर मूल. “सर, ओळखलंत का? त्याच्या शेजारच्या ओळीत मी बसायचे. तुम्ही मारलंत ना, त्यानंतर मी गणितात कधी शंका विचारली नाही.” हसत म्हणाल्या. त्या मुलीला मी आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोललेलो नव्हतो. हिशोब चुकतो तो असा, आपण बघत असतो मारलेल्याकडं.

पालक तुला सांगतील, “डोळे-कान सोडून कुठंही मारा, मॅडम.” प्रेमानं सांगतात. ऐकू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या, 2009 च्या, कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत. अंगठे धरायला लावणं आणि कोंबडा करणंही त्यात आलंच. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणजे नववी-दहावीला मोकळीक, असा विनोद करणारे भेटतील. 2015 चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांपर्यंत आहे आणि मुलाचा सांभाळ ज्याच्याकडं त्यानं केलेली क्रूरता तो गुन्हा मानतो, हे त्यांना सांग. पण तू कायद्याच्या भीतीनं हात आवरू नयेस असं मला वाटतं. हात आवरायचा तो त्या मंचरच्या बाईसाठी.

मग शिक्षा करायची तरी कोणती? शाळा सुटल्यावर थांबवून ठेवा, असं तुला कुठल्या तरी प्रशिक्षणात सांगितलं असेल. शहरात जमत असेल. आपल्याकडं दिवाळीनंतर सहा वाजले की अंधारायला लागतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि उसात काय असतं ते तुला ठाऊक आहे. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगाच उभं राहिलेलं नाही. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास फुकट आहे, पण एसटी असेल तर. ती चुकली की पासाचा नुसता कागद. तेव्हा संध्याकाळला हात लावायचा नाही. जे करायचं ते बेल व्हायच्या आत. वही पूर्ण नाही? मधल्या सुट्टीतली शेवटची दहा मिनिटं, तुझ्याजवळ बसून. बाक कोरला? शनिवारी सकाळच्या शाळेनंतर नाही, शाळेतच, पॉलिश पेपर घेऊन त्यानंच घासायचा. जेवढं मोडलं तेवढं दुरुस्त. जास्त नाही, आणि टोमणा तर मुळीच नाही.

आणि ‘दाखला हातात देईन’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. देणार नाहीस, देता येत नाही, आणि पोरांनी ते पाचवीपासून ऐकलेलं आहे.

खोडकर पोराला मॉनिटर कर, सुधारतो, असं तुला सगळे सांगतील. मी तीनदा करून पाहिलं. तो सुधारत नाही, हवालदार होतो, आणि वर्षभर गुमान बसलेल्यांना कळतं की इथं मान कशानं मिळतो. मॉनिटर आळीपाळीनं कर, हजेरीपटाच्या क्रमानं, आठवड्याला एक.

पालकांना बोलावणं धाडताना कॅलेंडर बघ. टोमॅटोची तोडणी चालू असताना, कांद्याच्या लागणीत, आईला दुपारी शाळेत बोलावलंस तर तिचा दिवसाचा रोज बुडतो आणि तो राग पोराच्या पाठीवर निघतो. रात्री आठनंतर फोन कर. आणि पहिला फोन तक्रारीचा नको. मी एकदा एका घरी फोन करून सांगितलं, तुमच्या मुलानं आज भूमितीची आकृती वर्गात सगळ्यात चांगली काढली. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मग आई म्हणाली, “सर, नंबर चुकला का?”

मोबाईल सापडला तर बंद करून पालकांच्या हातात द्यायचा. आत काय आहे ते बघायचं नाही. कितीही मोह झाला तरी.

साने गुरुजींचं उदाहरण तुला कोणीतरी देईलच. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, कपडे आवरून ठेवायचे, मुलांसाठी हातानं लिहून छात्रालय दैनिक काढायचे; 1924 ते 1930 ही त्यांची शिक्षकी. मुलं त्या शरमेनंच आवरायला लागायची. ऐकायला गोड आहे, पण त्याला गुरुजी लागतात. मी एकदा वर्ग झाडून पाहिला, पोरांनी बाकं उचलून जागा करून दिली, म्हणाली, “सर, इकडं राहिलंय.” तेव्हा जे अंगात नाही ते आणू नकोस.

माझ्या अंगात होती घड्याळाची खोड. तीच उपयोगी पडली, तीही पार शेवटच्या वर्षांत. बैलगाडा शर्यती 2014 पासून बंद होत्या. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, आणि पुढच्या चैत्रात गावोगावच्या यात्रांना शर्यतींचे घाट परत भरले. आमची नववी वर्गात होती ती नुसती हजेरीपटावर. मागच्या बाकावरचा एकजण घाटातल्या निवेदकाची हुबेहूब नक्कल करायचा, मी ‘वह्या काढा’ म्हटलं की खालच्या आवाजात ‘गाडा सुटलाऽऽ’. वर्ग हसायचा, माझी पाच मिनिटं जायची. एके दिवशी मी रागवायचं सोडून मनगटावरचं घड्याळ काढलं आणि विचारलं, “घाटात गाड्याची बारी कशात मोजतात?” सगळे एका आवाजात, “सेकंदात!” म्हटलं, “वही बाहेर, पेन हातात, तोंड बंद. बघू तुमची बारी.” एकशे दहा सेकंद. फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहिला आणि एक शब्द न बोलता शिकवायला लागलो. दुसऱ्या दिवशी मी न सांगता कोणीतरी ओरडला, “सर, घड्याळ!” अठ्ठ्याऐंशी. आठवड्यानं बत्तीसवर आले. बक्षीस नाही, शिक्षा नाही, नुसता आकडा. निवेदक गप्प बसला असं नाही, पण आता तो वही काढून बोलायचा.

पुढच्या बॅचला हेच दिवाळीपर्यंत टिकलं, मग त्यांना कंटाळा आला. प्रत्येक युक्तीची मुदत असते. पण तास रोज एकाच रीतीनं सुरू करायची सवय मात्र राहिली, आणि खरं काम तिनंच केलं. तुझा तास रोज वेगळा सुरू होतो. एक दिवस ‘शांत बसा’, एक दिवस डस्टर आपटून, एक दिवस तू थेट फळ्याकडं. त्या पहिल्या दोन मिनिटांत पोरं पुढची अडतीस ठरवून टाकतात.

आता उद्याचं. आकृती मधल्या सुट्टीतच फळ्यावर काढून ठेव, म्हणजे पाठ फिरवायची वेळ कमी येईल. दारात उभी राहून पोरांना आत घे. सगळे बसले की सांग: “परवा मी सगळ्यांना उभं केलं. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनाही. ते चुकलं, पुन्हा करणार नाही.” एवढंच. त्यावर भाषण नको, लगेच धडा.

शीळ वाजेल, बहुतेक उद्याच. बोलणं थांबव, मनात दहा मोज, जिथं होतीस तिथून पुढं सुरू कर. कोणी वाजवली ते शोधू नकोस. सापडला तर तो मोठा होतो, नाही सापडला तर तू लहान. पंधरा दिवसांत तुला आपोआप कळेल. कळलं की व्हरांड्यात एकट्याला गाठ, आवाज खाली ठेव, ‘तू का?’ विचारू नकोस. ‘माझ्या तासाला नको’, एवढं म्हण आणि चालायला लाग.

वर्ग आवरत नाही हे हेडसरांना सांगायची तुला भीती वाटते, कारण तू शिक्षणसेवक, अठरा हजारांवर तीन वर्षं काढायचीत आणि शेरा त्यांच्या हातात. तरी आज ना उद्या सांग. त्यांना ते व्हरांड्यातून दिसलेलंच आहे. न सांगितलंस तर मात्र लपवलंस असं होईल.

पुढच्या रविवारी ये. तोवर वह्या निघायला रोज किती सेकंद लागतात ते तूही मोज आणि आकडे एका कागदावर लिहून आण, कितीही वाईट असले तरी. मामी मासवड्या करणार आहे, त्यामुळं डिंभ्याकडून येणारी पहिली गाडी पकड; दुसरीची वाट बघत बसशील तर रस्सा उरणार नाही.

तुझा,
मामा