जांभ्यावर जांभळी पानं

मृगाचा पाऊस पडला की हात शिवशिवतात आणि भाताच्या पेरणीबरोबर अंगणातल्या शोभेच्या काड्याही जमिनीत जातात. रत्नागिरीत ही घाई नडते. जमिनीलगत पसरणारी झाडं मुळं धरण्याआधीच आषाढसरींत मातीसकट वाहून जातात, उरलेली कुजतात. जांभळ्या पानांची लागवड पावसाचा जोर ओसरल्यावर, श्रावणाच्या उत्तरार्धापासून नवरात्रापर्यंत करावी.

भर उन्हाच्या जागेला पर्पल हार्ट, ही मूळची मेक्सिकोकडची. पोफळीखालच्या कवडशांना हेमिग्राफिस. हिचं पान वरून करडं-जांभळं, पत्र्यासारखी झाक असलेलं. उलटं केलं की कोकमाच्या आगळासारखं गडद लाल. जागांची अदलाबदल केलीत तर पर्पल हार्ट सावलीत हिरवट होऊन लांबुडकी वाढते आणि हेमिग्राफिस चैत्र-वैशाखात करपते. मी एकदा केली होती. वर्ष फुकट गेलं.

कातळावर दोन बोटं माती पसरून भागत नाही. पावसात तिथं पाणी तुंबतं, उन्हाळ्यात कातळ तापतो. निदान वीतभर थर हवा, त्यात कुजलेलं शेणखत. वळचणीखाली तर लावूच नका. पागोळ्या पडतात तिथं पहिल्याच महिन्यात चर पडतो. तेवढी पट्टी खडीला सोडावी आणि हातभर अंतर ठेवून पहिली ओळ धरावी.

तीन-चार पेरांचे शेंडे घ्या, खालच्या दोन पेरांवरची पानं काढून ती पेरं मातीत दाबा. अंतर 20 सेंटीमीटर, म्हणजे चौरस मीटरला 25 काड्या. पंधरवड्यात मुळं धरतात. मग शेंडे खुडत राहा; न खुडलेली वेल पुढे धावते आणि मधे टक्कल पडतं. पर्पल हार्टच्या रसानं काहींच्या हाताला खाज सुटते, हातमोजे घालावेत. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात.

नर्सरीवाल्यांचं गणित वेगळं. गणपतीला आलेला चाकरमानी परतताना दोन पिशव्या गाडीत टाकतो, तेव्हा काड्या जुलैतच पिशव्यांत भराव्या लागतात. नुसत्या शेडनेटखाली त्या कुजतील, वर प्लास्टिकचा कागद हवा.

छाटलेल्या फांद्या पऱ्यात किंवा गडग्यापलीकडे फेकू नयेत. पेर ओल्या जमिनीला टेकलं की रुजतं आणि शेजाऱ्याच्या बागेत शिरतं. कडक उन्हात पत्र्यावर वाळवून पार कुरकुरीत झाल्यावरच त्या माडाच्या आळ्यात घालाव्यात.