पहिल्या पन्नास वर्षांचे कानमंत्र

बाळा, सिमटेक्सचा १९९३ चा ‘मास्टर ऑफ ओरायन’ तू खेळायला घेतलास हे ऐकून फार बरं वाटलं. कधी एकदा मोठमोठी जहाजं उडवतोय असं तुला झालं असेल, ठाऊक आहे मला. जरा दमानं घे. खेळ साल २३०० ला सुरू होतो आणि एक टर्न म्हणजे एक वर्ष. पहिली पन्नासेक वर्षं माणसं, कारखाने आणि मोकळे ग्रह, एवढंच बघायचं.

१. हाताशी दोन स्काउट आणि एक कॉलनी शिप असतं. स्काउट लगेच सोड आणि कॉलनी शिप जवळच्या पिवळ्या ताऱ्याकडे धाड — तिथे राहण्याजोगा ग्रह मिळण्याची आशा जास्त.

२. घरच्या ग्रहावर आधी कारखाने उभे कर. साधारण १० बीसीला (बीसी म्हणजे खेळातलं चलन) एक पडतो आणि चालवायला माणूस असला की वर्षाला १ बीसी देतो. मात्र सुरुवातीला लोकसंख्येच्या एका आकड्यामागे दोनच कारखाने चालतात — त्यावरचे नुसते उभे राहतात.

३. नवे कारखाने झाले की इकॉलॉजीच्या पट्टीवर ‘क्लीन’ आहे ना, तेवढं बघत जा — कचरा साचला की ग्रहावर माणसं मावेनाशी होतात. आज झाडू, नाहीतर उद्या फावडं!

४. हे मात्र नीट ऐक, कारण सगळा खेळ इथे आहे. ग्रह अर्धा भरलेला असताना माणसं सगळ्यात वेगानं वाढतात आणि काठोकाठ भरला की वाढ थांबते. भरल्या घरात पाळणा हलत नाही. घरच्या ग्रहाची मर्यादा १०० च्या आसपास असते. आकडा साठ-सत्तरच्या पुढे गेला की दहा-पंधरा माणसं नव्या वसाहतीला पाठव — ती बिचारी दोनावर उभी असते, आपली आपण वाढायची तर तुझा धीर संपेल. ज्यांच्या हाताला कारखाना नाही, तीच माणसं काढ. आणि तिकडे जागा आहे तेवढीच पाठव, जास्तीची फुकट जातात.

५. संशोधनात प्रोपल्शन आणि प्लॅनेटॉलॉजीला आधी वाढ — सुरुवातीला जहाजं तीनच पार्सेक जातात, आणि ओसाड किंवा गोठलेल्या ग्रहांवर उतरायला वेगळं तंत्र लागतं.

६. जिथे आज उतरता येत नाही, तिथेही लेझर लावलेलं एक छोटं जहाज उभं करून ठेव. शेजाऱ्याचं कॉलनी शिप येतं ते बिनहत्यारी. पहारा दिसला की मागे फिरतं — तुझं तंत्र येईपर्यंत ग्रह राखलेला राहतो. काठी दाराशी, तर झोप उशाशी. पण अशी जहाजं मोजकीच ठेव, प्रत्येकाचा सांभाळखर्च दरवर्षी भरावा लागतो.

७. ‘रिच’ ग्रहावर जहाजं बांध, ‘पुअर’ ग्रहाला संशोधनाला बसव — गरीब मातीत कारखाने महाग पडतात, डोकं तेवढंच चालतं. ‘आर्टिफॅक्ट्स’ लिहिलेला ग्रह दिसला तर हातचं काम टाकून धर, तिथे संशोधन दुप्पट होतं.

८. शेजारी भेटला की लगेच व्यापाराचा करार कर. पहिली काही वर्षं तोटाच दिसेल, घाबरून मोडू नकोस — फायदा सावकाश चढतो, म्हणून तर लवकर करायचा.

९. पुढे हाय कौन्सिल भरते, तिथे मतं लोकसंख्येवर मोजतात आणि दोन-तृतीयांश मिळवणारा जिंकतो — म्हणजे चौथ्या कलमातली माणसं तिथेही कामाला येतात.

१०. ओरायन ग्रहाच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस, तिथल्या राखणदार जहाजापुढे, म्हणजे गार्डियनपुढे, सुरुवातीची जहाजं टिकत नाहीत. आणि पहिल्या डावाला क्लॅकॉन ही जमात घे — त्यांची माणसं दुप्पट राबतात, त्यामुळे हिशेब थोडा चुकला तरी सावरतो.