भीमबेटकाची गुहा : पुराव्याचा एक धडा



मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात, भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर भीमबेटका हे ठिकाण आहे. लोक त्याला भीमाची बैठक म्हणत आले. १८८८ साली किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक लोकांकडून ऐकून ते बौद्ध स्थळ असल्याची नोंद केली. आपल्याला ही नोंद वाचून आनंद होईल. परंतु ती ऐकीव होती, हे विसरून चालणार नाही.

१९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर स्वतः त्या डोंगरात गेले, तेव्हा खरा इतिहास उजेडात आला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी १९७० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन केले. खालच्या थरांत दगडी हातकुऱ्हाडी आणि वरच्या थरांत बारीक दगडी पाती मिळाली. म्हणजे हजारो पिढ्यांनी या गुहांचा आसरा घेतला होता. खडकांवर गेरूच्या व पांढऱ्या रंगात शिकार, नृत्य आणि मध गोळा करणारी माणसे रंगविलेली आहेत. २००३ साली या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

आता अगदी अलीकडची गोष्ट. २०२० साली काही परदेशी व भारतीय शास्त्रज्ञांना तेथील एका मोठ्या गुहेच्या खडकावर पानासारखी आकृती दिसली. तो सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘डिकिन्सोनिया’ या आदिम प्राण्याचा जीवाश्म आहे, असे त्यांनी प्रसिद्ध केले. वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. त्या आधारे खडकाचे वयही ठरू लागले.

परंतु अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन पुन्हा पाहणी केली. तो ‘जीवाश्म’ खडकावरून सुटून पडत होता! कोट्यवधी वर्षे दगडात टिकलेली वस्तू दोन-तीन वर्षांत कशी झडेल? तपासाअंती ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष ठरले. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले आणि पहिल्या गटाचे प्रमुख रिटालॅक यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. ज्या डोंगरात आदिमानवाने मध काढण्याचे चित्र रंगविले, तेथेच पोळ्याने विद्वानांना चकविले!

मी बँकेत काम करतो. आमच्याकडे एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो आणि मगच सही होते. यात पहिल्याचा अपमान नसतो. चूक राहू नये, एवढाच हेतू असतो. ज्ञानाच्या खातेवहीलाही हाच नियम लागू आहे.

मित्रहो, मोठ्या माणसाने सांगितले, छापून आले, किंवा आपल्या मनासारखे आहे, एवढ्यावर कोणतीही गोष्ट खरी मानू नका. जा, पाहा, तपासा. आणि आपली चूक दिसली तर ती कबूल करण्याची लाज बाळगू नका. गुहेतील दगड आपल्याला एवढे शिकवील, तर तो अभ्यास सार्थकी लागला असे मी समजेन.