स्थौल्य, बीजस्वभाव आणि स्नेहाची चव

"आमच्या घरात सगळेच जाड आहेत, मग पथ्य पाळून काय उपयोग?" हा प्रश्न न ऐकलेला वैद्य विरळा. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अतिस्थौल्याची कारणे सांगताना गुरु-मधुर-स्निग्ध आहार, अव्यायाम व दिवास्वप्न यांच्या जोडीने बीजस्वभावाचाही उल्लेख केला आहे. म्हणजे रुग्णाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. या बीजस्वभावाचा जिभेशी कितपत संबंध आहे, याविषयीच्या आधुनिक संशोधनाचा परामर्श आम्ही प्रस्तुत लेखात घेत आहोत.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. आयुर्वेदात स्निग्ध हा गुण आहे, रस नव्हे. तुपाचा सुगंध व मऊपणा आपणांस प्रिय असतो. परंतु संशोधक जिला मेदाची चव म्हणतात ती निराळी. स्नेहाचे विघटन होऊन सुटी झालेली मेदाम्ले जिभेला कळतात आणि ती चव बहुधा अप्रिय, खवट तेलाची आठवण देणारी असते. २०१५ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी तिला 'ओलिओगस्टस' असे नाव सुचविले.

ही मेदाम्ले ओळखण्यात 'सीडी-३६' या प्रथिनाचा वाटा महत्त्वाचा मानला जातो. त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असते. हे जनुक निकामी केलेल्या उंदरांची स्निग्ध आहाराची ओढ नाहीशी होते, असे २००५ साली फ्रान्समध्ये दिसून आले. पुढे २०१२ साली सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात २१ स्थूल व्यक्तींची तपासणी झाली. जनुकभेदामुळे हे प्रथिन अधिक निर्माण करणाऱ्यांची मेद ओळखण्याची क्षमता, ते कमी निर्माण करणाऱ्यांच्या आठपट आढळली.

तथापि यावरून 'चव कळत नाही म्हणून माणूस स्थूल होतो' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. चवीची सूक्ष्मता व शरीरभार यांचा संबंध सर्व अभ्यासांत सारखा आढळलेला नाही. शिवाय स्नेहाची ओढ केवळ जिभेवर ठरत नाही. केंब्रिज येथील २०१६ च्या प्रयोगात कोंबडीचा कुर्मा तीन प्रकारे शिजविला होता. रूप व चव सारखीच, पण उष्मांकांपैकी मेदाचा वाटा अनुक्रमे २०, ४० व ६० टक्के. मेंदूतील 'एमसी-४-आर' या जनुकात दोष असलेल्यांनी सर्वाधिक मेदाचा कुर्मा कृश व्यक्तींच्या जवळजवळ दुप्पट खाल्ला. हा दोष विरळ आहे. पण अशा रुग्णास केवळ 'जिभेला आवर घाला' असे सांगणे अन्यायाचे होईल.

आता आशेची बाजू. ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुळ्या भावंडांपैकी एकास अल्पमेद व दुसऱ्यास अतिमेद आहार आठ आठवडे दिला. अल्पमेद आहाराने चवीची सूक्ष्मता वाढली, अतिमेद आहाराने ती घटली. या बाबतीत वंशापेक्षा आहाराचा प्रभाव अधिक दिसला.

यावरून आमच्या मते व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. कुलवृत्त विचारावे, तसेच घरात महिन्याला किती तेल येते व खाणारी माणसे किती, हेही विचारावे. फरसाण, बेकरीचे पदार्थ व वनस्पती तूप यांचा हिशेब वेगळा घ्यावा.

२. स्नेह एकदम तोडू नये. अहितकर सवय पादांशिक क्रमाने सोडावी, हा चरकोक्त नियम येथे उपयुक्त आहे. प्रारंभी जेवण बेचव लागेल, पण साधारण दोन महिन्यांत जीभ सरावू शकते, हे रुग्णास आधीच सांगावे.

३. स्नेहपानप्रसंगी ज्यास स्नेहाचा तिटकारा येतो, त्यास हट्टी समजू नये. अशा स्नेहद्वेष्ट्यांसाठीच सूत्रस्थानाच्या १३ व्या अध्यायात विचारणा सांगितल्या आहेत. प्राचीनांना जनुके ठाऊक होती असा दावा मात्र करू नये. व्यक्तिभेद त्यांनी अचूक टिपला, एवढे पुरेसे आहे.

४. लहानपणापासून अतिक्षुधा व झपाट्याने वाढणारे स्थौल्य असलेल्या बालकास तज्ज्ञांकडे पाठवावे.

५. औषधी दुकानदारांनी 'मेद वितळविणारे' म्हणून काहीही न देता ग्राहकास प्रथम वैद्याकडे पाठवावे.

बीजस्वभाव हे रुग्णास दोष न देण्याचे कारण आहे. चिकित्सा सोडण्याचे नव्हे.