मक्यावरील लष्करी अळीची ओळख

हा पतंग मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील होय. त्याचे शास्त्रीय वर्णन जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १७९७ साली केले. ‘स्पोडोप्टेरा फ्रुगीपर्डा’ हे त्याचे शास्त्रीय नाव. २०१८ साली तो भारतात प्रथम कर्नाटकात आढळला व त्याच वर्षी महाराष्ट्रातही आला.

पतंग निशाचर असल्याने सहसा दृष्टीस पडत नाही. म्हणून ओळख अळीवरूनच पटवावी. डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षराची उलटी खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची लक्षणे होत.

मादी पानांवर पुंजक्याने अंडी घालते. मोठी अळी पोंग्यात दडते. तेथे औषध नीट पोचत नाही. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी उगवणीपासूनच पीक तपासावे आणि अंडीपुंज वेचून नष्ट करावेत.