जिवंत आमिष

पालघर किंवा बोईसर स्थानकावर उतरून पश्चिमेकडे गेले, म्हणजे वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचा वास येऊ लागतो. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर ही सारी गावे याच किनाऱ्यावर वसलेली आहेत. सातपाटीची कीर्ती पापलेटासाठी. ते होड्या घेऊन समुद्रात जाळ्यांनी पकडतात. परंतु खाडीच्या काठी तिवरांच्या सावलीत एखादा मनुष्य केवळ दोरी आणि गळ घेऊन बसलेला दिसतो. त्याच्या शेजारी पाण्याने भरलेली बादली असते व तीत चारसहा कोळंब्या पोहत असतात. तो जिताड्याची वाट पाहत असतो.

मुलांनो, कोळंबी जिवंतच कशाला हवी, असे तुम्ही विचाराल. शिंगाळा मासा वासावरून भक्ष्य शोधतो. त्याला मेलेली कोळंबीही चालते. जिताड्याची रीत निराळी. तो तिवरांच्या मुळांशी किंवा पुलाच्या खांबाआड दबा धरून राहतो. हालणारे भक्ष्य जवळ आले की तो आपले मोठे तोंड एकदम उघडतो आणि पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढले जाते. निश्चल आमिषाकडे तो सहसा ढुंकून पाहत नाही.

तेव्हा या विद्येचा पहिला धडा मारण्याचा नसून जगविण्याचा आहे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. म्हणून बादली सावलीत ठेवतात व पाणी वरचेवर बदलतात. एका बादलीत फार जीव कोंबले तर सारेच गुदमरतात. बोईचे पिलू कोरड्या हाताने धरल्यास त्याच्या अंगावरील चिकट आवरण निघून जाते. म्हणून आधी हात भिजवावा लागतो.

दुसरा धडा हाताच्या हळुवारपणाचा. कोळंबीच्या डोळ्यांमागे एक काळसर ठिपका दिसतो. गळाचे टोक तेथे लागले, की ती तत्काळ मरते. म्हणून त्या ठिपक्याच्या पुढे, डोक्यावरील काट्याच्या बुडाशी, नुसत्या कवचातून गळ ओवतात.

तिसरा धडा वेळेचा. भरतीओहोटीचा हिशेब जुने मच्छीमार तिथीवरून करीत आले आहेत. तिथीच्या अंकाला ३ ने गुणून ४ ने भागले, की मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ सुमाराने कळते. चतुर्थीस ती ३ वाजता, तर अष्टमीस ६ वाजता. तारापूरच्या बाजूस ती याहून थोडी उशिरा येते. ओहोटी लागली की तिवरांत शिरलेले लहान मासे व कोळंब्या पाण्याबरोबर बाहेर येतात आणि जिताडा त्यांच्या वाटेवर टपून बसतो. गळ टाकायचा तो तेथेच.

शेवटचा धडा धीराचा. दोरी थरथरली की नवशिका लगेच हिसका देतो आणि आमिष माशाच्या तोंडातून निसटते. जाणता मनुष्य दोरी ताठ होईपर्यंत थांबतो. मग जिताडा पाण्याबाहेर उसळी घेतो व डोके झटकतो. त्याच्या कल्ल्यांवरील झाकणाची कड इतकी धारदार असते, की साधी दोरी तिने कापली जाते.

मासेमारी हा जीव घेण्याचा व्यवसाय आहे, हे मच्छीमार जाणतो. म्हणूनच तो नाहक जीव घेत नाही. जिताडा लहानपणी नर असतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. लहान मासा पाण्यात परत सोडला नाही, तर उद्या अंडी घालणारी मादी येणार कोठून?

पण सारे धडे पाठ असूनही कधी कधी बादलीतील कोळंब्या मरतात, तेव्हा दोष हाताचा नसून पाण्याचा असू शकतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे खाड्या व समुद्र दूषित होत असल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. कारखान्यांनी अनेकांना रोजगार दिला, हे खरे. परंतु ज्या पाण्यात कोळंबी जगत नाही, त्या पाण्याकाठी मच्छीमाराचे घर तरी कसे जगणार?

बादलीतील पाणी स्वच्छ राखणे हे एका माणसाचे काम आहे. खाडीतील पाणी स्वच्छ राखणे हे आपणा सर्वांचे.

स्वाध्याय

१. जिताड्यासाठी जिवंत आमिषच का लागते?
२. षष्ठीच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती सुमारे किती वाजता येईल?
३. ‘पहिला धडा मारण्याचा नसून जगविण्याचा आहे’, या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.